झाकीरभाईंची हवा

झाकीरभाई भारी बढाईखोर होते. हे मी आधीच सांगून टाकते, नायतर पुढचं ऐकून तुमी म्हणाल, अंबूबाई माणसाचा देव करायला निघाली. देवबिव काय नाय. लोधिवलीला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला माझी चहाची टपरी, आणि तिला खेटून त्यांचं पंक्चरचं दुकान. मधे नुसता कूड. त्या कुडातून त्या माणसाची बडबड ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता ती बडबड नाय, तर चहाला आधण ठेवताना उगाच चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

सायकलीत हवा फुकट भरायचे. पण भरताना ऐकून घ्यावं लागायचं. "पंपाची नळी धर. धर की! चटका बसला? का बसला? हवा दाबली की तापते. आता ट्यूबची हवा सोडतो, हात पुढं कर. गार लागली? का लागली? हवा पसरली की गार पडते. अरे, हेच वर आभाळात चाललंय. खालची दमट हवा डोंगराला लागून वर चढते, वर भार कमी, म्हणून पसरते, गार पडते, आणि तिच्यातली वाफ ढग होऊन माथेरानच्या डोक्यावर बसते. आभाळ म्हणजे माझ्याच दुकानाची मोठी शाखा हाय, समजलास?" गिऱ्हाईक बिचारं शाळेला नायतर कामाला निघालेलं. ते मान हलवायचं आणि पळायचं.

हे सगळं शिकले कुठं? तर बोटीवर. त्यांचं घराणं मूळचं खाडीकडचं, बाप-चुलते सगळे खलाशी. तरणेपणी झाकीरभाईसुद्धा बोटीवर होते. कप्तानाच्या खोलीत भिंतीला हवेचा भार मोजायचं यंत्र टांगलेलं असायचं. पारा उतरला की समजायचं, हवा हलकी झाली, आता दुसरीकडची हवा धावत येणार, वादळ उठणार. झाकीरभाई त्या खोलीत चहा घेऊन जायचे आणि यंत्र बघत उभे राहायचे. पण दम्यानं छाती धरली आणि बोटीनं त्यांना उतरवलं. मग फिरत-फिरत इथं आले, रुकय्याभाभीशी लग्न केलं आणि दुकान टाकलं. कप्तान आपल्याला विचारल्याशिवाय नांगर उचलत नसे, असंही सांगायचे. त्यातलं निम्मं सोडून द्या.

दमा मात्र खरा होता. आभाळ दाटलं, वारा पडला, की त्यांची छाती शिट्टी वाजवायला लागायची. ट्रकवाले चेष्टा करायचे, "काय झाकीरभाई, साऱ्या जगाच्या चाकांत हवा भरता आणि तुमचीच टायर बसली!" ते हसायचे, पण हसायलासुद्धा त्यांना हवा कमी पडायची. तोंड मिटून, बोटं गुडघ्यावर रोवून बसायचे आणि थोडी-थोडी हवा आत घ्यायचे, बाळंतीण गरम पेज घेते तशी. गावातल्या बायका पापड वाळत घालायच्या आधी माझ्या टपरीवर डोकावून विचारायच्या, "भाईंची छाती काय म्हणते गं आज?" छाती वाजत असली की पापड घरातच राहायचे. रेडिओवर भरवसा नव्हता, पण त्या छातीवर होता.

एकदा मला म्हणाले, "वहिनी, हवेला वजन असतं."

मी म्हटलं, "मग शेरभर बांधून द्या. माथेरानला नेऊन विकते."

माझ्या तोंडाला लागायला नको होतं त्यांनी, पण लागले. मी तेव्हा चौक गावावरून डोंगर चढून माथेरानला भाजी न्यायची. आमच्या इकडच्या बऱ्याच बाया जायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ह्या गृहस्थानं फुटबॉलच्या आतली रबराची पिशवी आणली, थोडी कमी हवा भरून तोंड करकचून बांधलेली. सुरकुतलेली, म्हाताऱ्याच्या गालासारखी. "ही टोपलीत ठेवा. वर गेलात की बघा. हात लावायचा नाय."

लाजेनं मेले मी. वांग्यांच्या मधे ते रबर, आणि सगळ्या बाया खी-खी हसतायत. पण वर बाजारात टोपली उतरवली आणि बघते तर काय! पिशवी टमटमीत. एक सुरकुती शिल्लक नाय. गाठ होती तश्शीच. बायांचं हसणं बंद झालं. एक तर म्हणाली, "टाक गं ती, काय करणी-बिरणी असंल." मी टाकली नाय. संध्याकाळी खाली आणली, तर पुन्हा सुरकुतलेली. कुणी भरली आणि कुणी काढली?

झाकीरभाई दुकानात पाय पसरून बसले होते, राजासारखे. "बसा वहिनी. आपण हवेच्या तळाला राहतो. आडाच्या तळाला बेडूक राहतो ना, तसं. सगळी हवा आपल्या डोक्यावर. ती पिशवीला चहूकडून दाबते. तुमी डोंगर चढलात, डोक्यावरची हवा कमी झाली, दाब कमी झाला, आतल्या हवेनं हातपाय ताणले. उतरलात, पुन्हा दाबली गेली. आता सांगा, हवेला वजन हाय का नाय?"

"हाय," मी म्हटलं. काय करणार? डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवसापासून त्यांची बडबड मी अर्ध्या कानानं का होईना, पण ऐकायला लागले.

आता आडाचं सांगते. टपरीच्या मागं, एक शेत ओलांडलं की आमच्या आळीचा आड होता. अरुंद आणि खोल. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाला जायचं, तेव्हा आळीतली माणसं उतरून गाळ काढायची. आडात साती आसरा राहतात, पाण्याच्या देवता. त्यांना विचारल्याशिवाय उतरायचं नाय, ही रीत. मालोजीबाबा हे आमच्या आळीतले जुने माणूस. ते सकाळी नारळ फोडायचे आणि दोरीला कंदील बांधून आडात सोडायचे. दिवा तळापर्यंत जळत राहिला, तर आसरा हो म्हणाल्या. विझला, तर नाय म्हणाल्या, त्या दिवशी कुणी उतरायचं नाय. ह्या रीतीनं किती जीव वाचले असतील, त्या आसरांनाच ठाऊक.

झाकीरभाईंना ही रीत फार आवडायची. "ज्यानं काढली तो हुशार," म्हणायचे. पण एका गोष्टीवरून त्यांचं आणि मालोजीबाबांचं दर साली वाजायचं. मालोजीबाबा दिवा सकाळी एकदाच सोडायचे. मग दिवसभर माणसं खाली-वर करायची. झाकीरभाई सांगायचे, "बाबा, आड श्वास घेतो. वरच्या हवेचा भार वाढला की बाहेरची हवा आत ओढतो. भार उतरला, की जमिनीच्या भेगांत कोंडलेली मेलेली हवा बाहेर टाकतो. ती जड असते, तळाला बसते. सकाळी आड चांगला असंल, दुपारी आभाळ भरून आलं की वाईट. दर खेपेला दिवा सोडा."

मालोजीबाबांचं एकच, "झाकीर, आसरांना एकदाच इचारायचं असतं. घडी-घडी इचारलं तर त्यांना वाटतं, आमच्या शब्दावर भरवसा नाय. कोपतात." आणि खरं सांगू, आमाला सगळ्यांना ते पटायचं. पाव्हण्यानं एकदा या म्हटल्यावर दारात उभं राहून पुन्हा कोण विचारतं, येऊ का म्हणून?

कोयनेला भूकंप झाला, त्या सालचा मे महिना. आड साफ करायला आमचे हे उतरले होते. हे म्हणजे बुधाजी. नाव घेते, आता म्हातारपणी कसली लाज! सकाळी दिवा सोडला, झकास जळला. सगळ्यांनी पाळीपाळीनं गाळ काढला. दुपारी माणसं भाकरी खायला वर आली. तेवढ्यात आभाळ भरून आलं. वारा असा पडला की टपरीचा धूर वर जाईना, तिथंच घोटाळत राहिला. अंगाला नुसत्या धारा. झाकीरभाई एका ट्रकची ट्यूब हवा भरून, पाण्यात बुडवून, बुडबुडे शोधत होते. कुडापलीकडून त्यांची शिट्टी ऐकू येत होती. मला म्हणाले, "वहिनी, पारा उतरला."

मी म्हटलं, "चहा देऊ का कडक?"

हे भाकरी खाऊन पुन्हा आडात उतरले होते. मी चहा ओततच होते, तर मागून ओरडा आला. माझा दीर लडकू ओरडत होता, "दादा पडला! दादा बोलत नाय!"

माझ्या हातातलं भांडं कुठं पडलं, मला माहीत नाय. धावले. आडाच्या काठावर माणसं वाकलेली. हे तळाला पडलेले, भिंतीला टेकून, मान एका बाजूला. मी हाका मारल्या. ह्यांनी डोळा उघडला नाय. लडकू कासोटा खोचून पाय आत टाकत होता. मागून कुणीतरी त्याची मानगूट धरली आणि त्याला मागं आपटला. झाकीरभाई! काखेत ती भलीमोठी ट्यूब, आणि छाती भात्यासारखी हलतेय.

"एक पडलाय, दुसरा नको," ते म्हणाले. "कंदील सोडा."

कंदील सोडला. अर्ध्यात गेला आणि विझला. कुणीतरी म्हणालं, "वाऱ्यानं विझला असंल."

"आडात वारा कुठला रं?" झाकीरभाई एवढंच बोलले.

मालोजीबाबा मटकन खाली बसले. "आसरा कोपल्या," म्हणाले. "माझ्या हातून काय चुकलं गं, अंबू?"

आता इथं दुसरा कुणी असता, तर म्हणाला असता, बघा, मी सांगत होतो. आयुष्यभर बढाया मारणाऱ्या त्या माणसाची खरी वेळ तेव्हा आली होती. पण झाकीरभाईंनी मालोजीबाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "कोपल्या असतील बाबा. मग त्यांना शांत करा. पाणी घाला. वरून घागरी ओता, भिंतीवरून, थांबायचं नाय. आणि आंब्याच्या डहाळ्या दोरीला बांधून खाली-वर करा. चवऱ्या ढाळा त्यांना." बस्स. सगळी आळी कामाला लागली. त्यांनी जर मेलेल्या हवेचं पुराण लावलं असतं, तर निम्मे लोक वाद घालत बसले असते. पाणी आणि डहाळ्यांनी आडातली हवा ढवळायची होती, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी नुसती घागरी ओतत होते आणि नवसांवर नवस बोलत होते.

कंदील पुन्हा सोडला. आधीपेक्षा खाली गेला, पण तळाला पोचायच्या आत विझलाच.

"हवा सुधरेपर्यंत बुधाजी जाईल," झाकीरभाई म्हणाले. त्यांनी फडक्याच्या दोन चिंध्या फाडल्या आणि नाकात कोंबल्या. ट्यूब खांद्यात अडकवली. ट्यूबच्या तोंडाला हवेचा वॉल असतो, त्याची पिन नखानं दाबून तोंडाला लावून बघितली. फुस्स करून हवा आली. मग कंबरेला दोर बांधायला लागले.

लडकू रडत म्हणाला, "भाई, मला द्या ती ट्यूब. माझा भाऊ हाय. तुमाला तर वर पण श्वास येत नाय."

"म्हणूनच मी जातो," झाकीरभाई म्हणाले. चिंध्यांमुळं आवाज गेंगाणा येत होता. "तुला पोटभर हवा खायची सवय हाय. तू घाबरलास की घटाघटा संपवशील. मला थोडक्यात भागवता येतं. दोर धर."

मी त्यांना अडवलं नाय. मला ती छाती माहीत होती, कुडापलीकडून रोज ऐकत होते. पण तळाला माझं माणूस होतं. तेवढ्यात रुकय्याभाभी धावत आल्या. मला वाटलं, आता ह्या नवऱ्याला ओढून नेणार, आणि नेतील तर त्यांचं काय चुकलं? भाभींनी त्यांच्याकडं बघितलं, ट्यूबकडं बघितलं. मग ओढणी कंबरेला बांधली आणि लडकूच्या मागं जाऊन दोराला हात घातला. "तू पण धर, अंबू," म्हणाल्या. "रडायचं नंतर."

उतरवलं. ते खाली-खाली गेले. मी काठावरून बघत होते. ट्यूबचं काळं कडं आणि त्यात त्यांचं टक्कल. तळाला पोचले तसं त्यांनी पहिलं काय केलं, तर ट्यूबचं तोंड ह्यांच्या तोंडाशी धरलं. ह्यांच्या काखेतून दुसरा दोर घातला. मधेच एकदा स्वतःच्या तोंडाला लावलं, पुन्हा ह्यांच्या. दोर हलवला. आमी ओढलं. हे वर आले ते गाळाच्या गोळ्यासारखे. लडकूनं ह्यांना पालथं घातलं, पाठ चोळली, तोंडातला गाळ काढला. आणि हे खोकले. त्या खोकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यापेक्षा गोड मी काय ऐकलेलं नाय.

पण झाकीरभाईंचा दोर हलेना. ते खाली बसलेले, भिंतीला पाठ लावून, तोंड घट्ट मिटलेलं. वाकून बघितलं तर मांडीवर ट्यूब, चपटी. सगळी हवा ह्यांच्या पोटात गेली होती. आमी ओढायला लागलो, पण दोर कपारीत अडकला होता. त्यांनी स्वतः उठून सोडवल्याशिवाय निघणार नव्हता. माणसं वरून हाका मारत होती, "भाई! ओ भाई!" ते हलेनात.

रुकय्याभाभींनी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. "अहो", नायतर "दुकानवाले". भाभी काठावर पोटावर पडल्या, अर्ध्या आत वाकल्या आणि ओरडल्या, "झाकीर! ऊठ!"

अख्खा आड घुमला. झाकीरभाईंनी मान वर केली. मिटल्या तोंडानं, भिंतीला धरून, उभे राहिले. दोर कपारीतून झटकला. आमी असा ओढला की माझ्या तळहाताची सालं निघाली.

वर आले तेव्हा ओठ जांभळे. सगळी आळी त्यांच्या भोवती, आणि भाभी सगळ्यांना ढकलतायत, "सरका, हवा येऊ द्या, हवा येऊ द्या!" फार वेळ नुसती शिट्टी वाजत राहिली. आत थोडी, बाहेर थोडी. शेजारी हे पडलेले, तेही तसेच. शेवटी झाकीरभाईंनी एक डोळा उघडला, ह्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले काय, तर "बुधाजी, ट्रकवाला येईल. ट्यूब वर काढायची राहिली."

मी हसले आणि तिथंच ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या सालापासून मालोजीबाबांनीच रीत बदलली. सकाळी नारळ आणि आसरांचा दिवा. त्यानंतर माणूस जितक्यांदा उतरंल तितक्यांदा आणखी एक दिवा सोडायचा. "आसरांना पुन्हा इचारायचं नाय," मालोजीबाबा सांगायचे. "हा दिवा आसरांचा नाय. हा झाकीरचा दिवा." त्या नावानंच तो चालू झाला. पार वावोशी गावापर्यंत लोक म्हणायला लागले, उतरायच्या आधी झाकीरचा दिवा सोडलास का रं? आणि झाकीरभाईंचं विचारू नका! हवेचा भार राहिला बाजूला, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला आडाची गोष्ट. त्या गोष्टीत आड दर साली थोडा-थोडा खोल होत गेला. मी कुडाच्या अलीकडून ऐकायची आणि एकदाही मधे बोलले नाय. सांगू दे की, हवं तेवढं सांगू दे.

तेरा-चौदा वर्षं गेली. एका श्रावणात आठवडाभर आभाळ हललं नाय, आणि ती शिट्टी बंद पडली. दुपारी नेलं त्यांना. बाया जात नायत, मी भाभींपाशी बसले होते. हे गेले होते. परत आले आणि माझ्यासमोर बसून, खाली मान घालून सांगायला लागले.

कबर खणून तयार होती. भाईंना हातांवर घ्यायला त्यांचा पुतण्या महंमद आत उतरत होता. त्यानं पाय टाकला, आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "थांब रं! दिवा सोडला का?"

सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठं काय बोलावं, ह्याची अक्कल नाय, असं वाटून हे मागं सरकले. पण महंमद पाय काढून वर आला. पावसाळी अंधार होता, कुणीतरी कंदील आणला होता. महंमदनं तो घेतला आणि ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी गुडघे टेकले, वाकले, आणि कंदील हळूहळू खाली सोडला, पार मातीला टेकेपर्यंत. वात हललीसुद्धा नाय. तरी हे बघत राहिले. मग कंदील वर घेतला आणि महंमदला म्हणाले, "खाली हवा चांगली हाय. उतरवा भाईंना."